नुसतं बसायला

ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या चढता चढता कालिंदी मध्येच बसली. चक्कर आली नव्हती, पाय मुरगळला नव्हता, कुणाचा धक्काही लागला नव्हता. खांद्यावर पिळलेलं लुगडं होतं, हातात गंगाजलाचा तांब्या होता, वर निम्म्या पायऱ्या उरल्या होत्या, आणि एकाएकी त्या चढण्यात काही अर्थ आहे असं तिला वाटेनासं झालं. ती कडेला सरकून बसली. पौषातलं धुकं अजून नदीवरून उठलं नव्हतं. दगड गार होता, पण तो गारठाही आता कुठे उठून टाळायचा, असं म्हणून तिनं डोळे मिटले. तोच मांडीवर काहीतरी सांडलं. पाहते तो ओच्यात मूठभर तांदूळ. टाकणारी बाई दोन पायऱ्या पुढे गेलीसुद्धा होती. कुठल्याशा खेड्यातून आलेली यात्रेकरू, डोक्यावर गाठोडं, पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येक म्हातारीपुढे मूठ सोडत, 'ले माई, ले माई' करत चालली होती. तिला हाक मारून सांगायला हवं होतं, की बाई गं, मी भिकारीण नव्हे, नीलकंठशास्त्र्यांची बायको आहे, वर आमची पाठशाळा आहे, तिथं रोज माझ्या हातची वीस पानं उठतात. पण त्यासाठी आवाज काढावा लागला असता. तिनं तांदूळ तसेच राहू दिले. राग यायला हवा होता, तो आला नाही, आणि त्याचंच तिला भय वाटलं.

आपण दमलो आहोत हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आजवर ते सर्दीपडशासारखं घरातल्या घरात होतं. आता ते रस्त्यावरच्या बाईलाही दिसायला लागलं म्हणायचं. आठ दिवसांपूर्वी शरदिनी आली तीही दारातच आईकडे बघत उभी राहिली होती आणि पाया पडायचं विसरली होती. शरदिनीचा नवरा रेल्वेत, खडगपूरला. लेक लग्न होऊन गेली तेव्हा पाखरासारखी किरकोळ होती, आता अंगानं भरली होती आणि हुकूम सोडायला शिकली होती. "आई, तबियत बघ तुझी. मी तुला न्यायला आलेय. नाही म्हणायचं नाही." कुठे, तर पुरीला, समुद्रावर. जावयानं कुणाच्या तरी वशिल्यानं तिथल्या एका हॉटेलात महिनाभराची खोली मिळवली होती. हॉटेल म्हटल्यावर कालिंदीच्या डोळ्यांपुढे कचौडीची दुकानं आली होती. शरदिनी हसली. तसलं नव्हे, साहेबलोक थंडीत हवा खायला येतात तसलं. लांबच लांब व्हरांडा, त्यात वेताच्या आडव्या खुर्च्या, समोर वाळू आणि वाळूपुढे पाणी. पौषातसुद्धा शाल लागत नाही. नोलिया म्हणून कोळी असतात, डोक्याला वेताच्या टोकदार टोप्या घालतात, ते हात धरून समुद्रात नेतात आणि हात धरून परत आणतात. आपल्यासाठी स्वयंपाकाला उडिया ब्राह्मण आहे, सोवळ्यातला. "मग मी काय करायचं तिथं?" कालिंदीनं विचारलं होतं. शरदिनी म्हणाली, "काही नाही. नुसतं बसायचं."

त्या 'नुसतं'वर तिचं मन जाऊन बसलं ते आठ दिवस उठलंच नव्हतं. भाकऱ्या थापताना, वरण घोटताना, पोरांच्या धोतरांचा पिळा खाली उतरवताना ती मनातल्या मनात त्या आडव्या खुर्चीत जाऊन पडायची. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. तिची आई कोकणातून लहानपणी काशीला आलेली. ती म्हणायची, आमच्याकडे वारासुद्धा ओला असतो, मीठ न घालता ओठ खारट लागतात. इथं पाणी आहे ते खाली. त्याच्याकडे उतरायचं, त्यातून निघून पुन्हा चढायचं, तेही भरलेला तांब्या घेऊन. चाळीस वर्षं तिनं गंगा अशी वाहून वर आणली होती. शरदिनी म्हणाली, समुद्राचं तसं नाही, तू बसून राहिलीस तरी तो येतो पायाशी. हे ऐकून कालिंदीनं डोळ्यांना पदर लावला होता, आणि पाण्याच्या येण्याजाण्यावर रडू यावं म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर नाही, असं वाटून ती चुलीत फुंकर घालायला वाकली होती.

संकठा घाटावरची बकुळवहिनी बातमी लागताच आली. तिला सगळ्यांच्या बातम्या सगळ्यांच्या आधी लागत. "जगन्नाथाच्या दर्शनाला चाललात म्हणे! भाग्य काढलंत बाई. माझ्या नावानं पण एक नारळ द्या." कालिंदी म्हणाली, "दर्शन होईल तर होईल. मी नुसती बसायला चाललेय." वहिनीला आधी कळलंच नाही. मग ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "बसायला? अहो, बसायला तर आपले घाट काय कमी पडले?" आणि घरोघर जाऊन तिनं ते सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोघीतिघींनी कालिंदीला अगदी हळुवारपणे विचारलं, की कुठे दुखतं का. आजारपण चाललं असतं. तीर्थ तर धावलंच असतं. मरायला जाते म्हटलं असतं तरी कुणी हसलं नसतं, इथं त्यासाठी तर मुलखामुलखातून माणसं येतात. दमले आहे, म्हणून महिनाभर बसायचं आहे, एवढं एकच कारण काशीत चालण्यासारखं नव्हतं.

आणि शास्त्रीबुवा नाही म्हणाले होते. ओरडून नव्हे, ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पोथीवरून मान वर करून त्यांनी शरदिनीला सांगितलं होतं, "तुझ्या आईला क्षेत्राबाहेर जाता येत नाही. तुला माहीत आहे." शरदिनीला माहीत होतं, घरात सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी शास्त्रीबुवांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे घरदार न सोडता, भगवी न नेसता एकच गोष्ट सोडायची: काशीची हद्द ओलांडणं. आता मरेपर्यंत इथंच. लग्नाला नाही, सुतकाला नाही, दुसऱ्या तीर्थालासुद्धा नाही, कारण वाटेत कुठे मरण आलं तर काशीतल्या मरणाला मुकायचं. आणि हे सपत्नीक होतं. पाठशाळेचं कुठलंही कर्म सपत्नीकच व्हायचं. शास्त्रीबुवा हातावर पाणी सोडायचे, कालिंदी त्यांच्या कोपराला दर्भ टेकवून उभी राहायची, की ते अर्धं तिचं झालं. गणपतीपासून श्राद्धापर्यंत ती अशी कोपराला टेकून अर्धी पुण्यवान झाली होती. फक्त ज्या दिवशी तिला जन्मभरासाठी काशीत बांधून टाकलं, त्या दिवशी तिचा हात तिथं नव्हता. तिच्या जागी सुपारी होती.

पायरीवर बसल्या बसल्या तिला तो दिवस अंगाला लागावा तसा आठवला. मागची खोली, जमिनीवर घोंगडी, नदीकडची खिडकी. ती बाहेरची होती. म्हणजे तसं घरात सगळ्यांना वाटत होतं. खरं तर तिचं ते सगळं कधीच थांबलं होतं. थांबलं तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही. आधी लाजेनं, आणि मग पहिल्यांदा महिना भरला तेव्हा सवयीनं ती मागच्या खोलीत जाऊन बसली, तीन दिवस कुणी हाक मारली नाही, चूल नाही, पाणी नाही, कुणाला वाढणं नाही, आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेताना तिच्या लक्षात आलं, की हे आपल्याला पुढच्याही महिन्यात हवं आहे. मग ती बसतच राहिली. दर महिन्याला 'कावळा शिवला' म्हणायचं आणि जायचं. तिची विधवा नणंद गंगावन्सं तीन दिवस चूल सांभाळायच्या, दारातून पान सरकवून द्यायच्या, दुरून. कालिंदी घोंगडीवर कुशीवर पडून समोरच्या तीरावरची रेती बघत राही. हिवाळ्यात नदी आत सरकली की केवढी तरी रेती उघडी पडायची, पांढरी, तिच्यावर ऊन. तिकडे घाट नव्हते, पायऱ्या नव्हत्या, देऊळ नव्हतं. कुणी तिकडे पुण्य करायला जात नसे. बघता बघता डोळा लागायचा, आणि दिवसाउजेडी लागलेल्या त्या झोपेसारखी गोड गोष्ट तिच्या उभ्या संसारात दुसरी नव्हती.

त्या दिवशी दुपारी घरात अचानक माणसांचे आवाज आले. शास्त्रीबुवांचे गुरुजी अंथरुणाला खिळले होते, त्यांनी निरोप पाठवला होता: क्षेत्रसंन्यास घ्यायचाच आहे तर माझ्या देखत घे, माझा उद्याचा भरवसा नाही. गुरुजींना खुर्चीत बसवून आणलंही होतं. थांबायला वेळ नव्हता. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी विचारलं, यजमानीणबाई कुठे आहेत. मग गंगावन्संचा आवाज: "ती बाहेर बसलीय. कनवटीला सुपारी लावा म्हणजे झालं." बायको शिवता येण्यासारखी नसली की तिच्या बदली सुपारी चालते, पुरुषानं ती कमरेला खोवायची. मंत्र सुरू झाला. कालिंदी उठून बसली होती. तिला उठून म्हणता आलं असतं, की थांबा, मी बाहेरची नाही, मी आहे, मला विचारा. दाराच्या कडीपर्यंत चार पावलं होती. पण मग पुढचे सगळे महिने गेले असते. आणि त्याहून खरं म्हणजे, त्या दिवशीची उरलेली दुपार गेली असती. ती पुन्हा आडवी झाली, तोंडावर पदर घेतला, आणि पलीकडे तिच्या नावानं पाणी सोडलं जात असताना तिला झोप लागली.

पुढच्या वर्षी गंगावन्सं वारल्या. मग चुलीला दुसरं कुणी नव्हतं, आणि कालिंदीनं 'आता थांबलं' असं जाहीर करून टाकलं. तेव्हापासून ती एक दिवस बसली नव्हती. मनात मात्र एक काटा राहिला होता, आणि शरदिनी आल्यापासून तो जास्त सलायला लागला होता. सुपारी अडचणीपुरती. बायको चालतीबोलती, शुद्ध, भिंतीपलीकडे पडलेली असताना सुपारी लावली, तर ती सुपारी कुणाची? हे तिला शास्त्र शिकून नव्हे, शास्त्रीबुवांच्या कोपराशी चाळीस वर्षं उभं राहून कळत होतं. खरं सांगितलं तर ती मोकळी होती. पण खरं सांगितलं तर सपत्नीक म्हणून घेतलेल्या त्यांच्या व्रतालाच खोट येत होती. आणि त्या माणसापाशी त्या व्रताशिवाय दुसरं होतं काय? पोरं शिकून निघून जात होती, दृष्टी अधू झाली होती, घशाला पूर्वीचा स्वर राहिला नव्हता. काशीत मरण येणार आहे एवढ्या एका गोष्टीवर ते शांत बसत होते. ते आपण काढून घ्यायचं, आणि कशासाठी, तर वेताच्या खुर्चीत पडायला. सहा वर्षं तिनं तोंड मिटून ठेवलं होतं, आठ दिवस तर दात आवळून. आज ओच्यात तांदूळ घेऊन बसलेली असताना तिला वाटलं, आता नाही होत. चांगुलपणालासुद्धा अंगात थोडी ताकद लागते, आणि ती तिच्याकडे उरली नव्हती. शेजारच्या म्हातारीच्या फडक्यात तांदूळ ओतून ती उठली आणि मध्ये न थांबता वर आली.

स्वयंपाक तिनं रोजच्यासारखा केला. विद्यार्थी जेवून घाटावर हात धुवायला गेले, शरदिनी केस वाळवायला गच्चीवर गेली, आणि शेवटी शास्त्रीबुवा एकटे पानावर बसले. जेवताना ते बोलत नसत. पानाभोवती पाणी फिरवलं की त्यांचं मौन सुरू व्हायचं, ते शेवटचं आचमन घेईपर्यंत. मीठ हवं असेल तर बोटानं दाखवत. कालिंदीनं वरण वाढलं, तूप वाढलं, आणि दाराशी पाठ टेकून बसली. त्यांच्यासमोर जेवताना ती सहसा बसत नसे. त्यांनी वर पाहिलं.

"मला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "तुम्ही जेवा. तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही म्हणूनच आता बोलतेय."

त्यांचा हात पानावर थांबला, मग भात कालवू लागला. ती जमिनीकडे बघत बोलत राहिली. थांबलं कधी ते सांगितलं. मागच्या खोलीत जाऊन कशी पडायची ते सांगितलं. रेतीबद्दल सांगितलं, का ते तिलाही कळलं नाही. मग सुपारीच्या दिवसाचं सांगितलं. "मी जागी होते. मला ऐकू येत होतं. मी उठले नाही, मला झोप हवी होती. तुमच्या व्रतात त्यानं काय बिघडलं असेल ते माझ्या माथी. पण मी त्यात नव्हते. मला समुद्रावर जायचंय. देवाला नाही, दवापाण्याला नाही. मी फार दमलेय हो." आवाज फाटेल असं तिला वाटलं होतं, तसा तो फाटला नाही. पाठ म्हणणाऱ्या पोरासारखा सपाट आला.

शास्त्रीबुवा जेवत होते. तिनं इतकं निवांत जेवताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं, किंवा आज वेळच सरकत नव्हता. एक घास, मग एक घास. ताक मागायला त्यांनी वाटी पुढे केली, तिनं ओतलं, ते थोडं खाली सांडलं. गच्चीवर शरदिनी कुणाशीतरी हिंदीत बोलत होती. शेवटी त्यांनी तळहातावर पाणी घेतलं, प्यायलं, आणि उष्टा हात पानावर तसाच धरून बसून राहिले.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले.

कालिंदीला आधी वाटलं ते क्षेत्रसंन्यासाबद्दल काही सांगताहेत.

"अगं, जन्म पंचांगात गेला माझा. एका श्रावणात तू दोनदा बाहेर बसलीस. तुझाच हिशेब चुकला. गंगीला तर त्याआधीच कळलं होतं. ती मला म्हणाली, दादा, तिला काही विचारू नकोस. विचारलंस तर तिला उठावं लागेल."

कालिंदीनं दाराची चौकट धरली. गंगावन्सं, ज्यांना गुडघे धरून उठावं लागायचं. दारातून पान सरकवताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले असायचे, ते विटाळाच्या तिरस्कारानं असं हिला वाटायचं. भातावर तूप जरा जास्त असायचं, आणि ते हिला कधी नवल वाटलं नव्हतं. तीन दिवस दोघींचं काम त्या एकट्या उपसत होत्या, वर्षानुवर्षं, सगळं ठाऊक असून. आणि त्या वारल्यावरसुद्धा ही त्यांच्या नावानं कुरकुरत राहिली, की चुलीवर एकटीला टाकून गेल्या. कालिंदीला इतकी शरम वाटली, आणि त्या शरमेच्या आत इतकं बरं वाटलं, की तिला दोन्ही वेगळं करता येईना.

"मग सुपारी का लावलीत?"

"गुरुजी बसले होते समोर. त्यांना काय सांगणार होतो? लावली. ती तुला लागू नाही हे तेव्हाच माहीत होतं मला. माझं माझ्यापुरतं आहे. तू बांधलेली नाहीस."

"मग आठ दिवस नाही का म्हणत होतात?" आता मात्र तिचा आवाज चढला. "सहा वर्षं का नाही सांगितलंत?"

शास्त्रीबुवा पानातल्या उरलेल्या मिठाकडे बघत होते. ते एकदोनदा बोलायला गेले. वेदान्तावर पोरांना तास तास सांगणारा हा माणूस, शब्द सापडत नाही म्हणून अडलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"तुला तिथं बरं वाटेल," ते म्हणाले. "लेक आहे, नातवंडं आहेत. बसायला मिळेल. तू म्हणशील, राहू या अजून थोडे दिवस. आणि मला तुला आणायला येता येणार नाही."

कालिंदीला जुनी गोष्ट आठवली. ती बाळंतपणाला माहेरी, पंचगंगा घाटापलीकडच्या गल्लीत गेली होती, तेव्हा ते आणायला आले होते. हातभर अंतरावर माहेर, तरी डोक्याला पागोटं घालून, तिच्या आईसमोर मान खाली घालून आले होते. नवरे असेच येतात. चिडून गेलेल्या बायकांनासुद्धा आणायला येतात, आणि मगच त्या येतात. कालिंदीनं त्यांच्याकडे पाहिलं. केवढे म्हातारे झाले होते. मृत्यूचं काही वाटत नाही म्हणून ज्यांच्या पाया लोक पडायचे, त्यांना एका वेताच्या खुर्चीचं भय वाटत होतं. तिला दया आली, रागही होता, तो गेला नाही. ही सहा वर्षं परत कुणी देणार नव्हतं. आणि तरीही, इतक्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच आपल्याकडे काही मागितलं, असं तिला वाटलं. वाढ म्हणून नव्हे. ये म्हणून.

"मी येईन," ती म्हणाली. "माझी मी येईन. कुणी आणायला यायला नको. पण जाणार."

त्यांनी मान हलवली.

"आणि तोवर मरायचं नाही."

"बरं," शास्त्रीबुवा म्हणाले, शिक्षा ऐकून घेणाऱ्या पोरासारखे.

तिच्यानं उठवेना. पान उचलायचं होतं, खरकटं काढायचं होतं, शेण फिरवायचं होतं, तिला स्वतःला जेवायचं होतं. ती तिथंच, दाराशी, पदर डोक्याखाली घेऊन कलंडली. भर दुपार होती, दार सताड उघडं होतं, आणि या खेपेला ती बाहेरची नव्हती. गच्चीवरून शरदिनीची पावलं खाली येऊ लागली, "आई, चाय करू का गं?" असं ती जिन्यातूनच विचारत होती. कालिंदीला उत्तर द्यायचं होतं, पण डोळे मिटत चालले होते. तेवढ्यात तिला ऐकू आलं, शास्त्रीबुवा उठले. पत्रावळीची पानं एकमेकांवर दुमडल्याचा आवाज झाला. ते स्वतःचं उष्टं स्वतः उचलत होते, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि बरंचसं खाली सांडत होते.

"हळू," ते जिन्याकडे बघून म्हणाले. "तुझी आई निजलीय."